आवाज कोणत्या बाजूने येतो?

गाण्याच्या बैठकीत आपण कधी क्षणभर डोळे मिटून पाहिले आहेत काय? गवई मधोमध, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला हार्मोनिअम, मागे तंबोऱ्यांचा झंकार. डोळे मिटले तरी कोणाचीही जागा ढळत नाही. ही किमया दोन कानांची. उजवीकडून आलेला नाद उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हे ‘आधी’ म्हणजे फार झाले तर सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग. परंतु तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवून मोकळा होतो.

जुन्या ग्रामोफोनमध्ये मात्र सारी बैठक एकाच कर्ण्यातून बाहेर पडे. अशीच उणीव ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याला चित्रपटगृहात खटकली. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून! नटाच्या मागोमाग आवाज चालविण्याची युक्ती आपणास सापडली आहे, असे तो पत्नीला म्हणाल्याचे सांगतात. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी निघालेल्या विमानाला अपघात होऊन तो मरण पावला. स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्वत्र दिसू लागल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्या पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

युक्तीचे मर्म असे. दोन ध्वनिवर्धकांतून एकच आवाज सारख्याच जोराने सोडला, तर तो दोहोंच्या मधून, जेथे काहीही ठेवलेले नाही अशा जागेतून आल्याचा भास होतो. डावीकडचा जोर वाढवून उजवीकडचा घटविला की आवाज डावीकडे सरकतो. मिश्रण करणारा तंत्रज्ञ एक बटण फिरवून प्रत्येक वाद्याला असे आसन देतो. आवाज मध्यावर असताना प्रत्येक बाजूस तो सुमारे तीन डेसिबलने उतरवितात, नाहीतर मधून जाताना तो उगाच मोठा वाटेल. गायकाचा गळा आणि खर्जाची वाद्ये बहुधा मध्यातच राहतात. (अर्थात श्रोत्यानेही थोडे सहकार्य करावयास हवे. आमच्या एका स्नेह्यांनी एक ध्वनिवर्धक कपाटावर आणि दुसरा पलंगाखाली ठेवला आहे. त्यांचा गवई नेमका कोठे बसतो, हे देव जाणे!)

हा संकेत रूढ होण्यापूर्वीची गंमत ऐकावयाची असेल, तर बीटल्सची १९६३ सालची ‘प्लीज प्लीज मी’ ही तबकडी स्टिरिओत ऐकावी. त्या काळी ध्वनिफितीवर दोनच पट्टे असत. एकावर वाद्ये, दुसऱ्यावर गळे. पुढे दोहोंचा तोल साधून एकच ध्वनी करणे सोयीचे जावे, हा त्यातील मूळ हेतू. स्टिरिओ आवृत्तीत मात्र वाद्ये डावीकडे आणि गळे उजवीकडे पडले. दिवाणखान्यात हे खपून जाते. कानात श्रवणिका घातल्या की गाणे मधोमध चिरल्यासारखे वाटते.

आणि ज्याला एकाच कानाने ऐकू येते, त्याचे काय? त्याला एक तर शब्दांवाचून वाद्ये मिळतात, नाही तर साथीवाचून शब्द. अमेरिकेतील ‘बीच बॉइज’चे ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. त्यांनी १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ ही रचना एकाच ध्वनिमार्गावर, मोनोत, सिद्ध केली. तिची खरी स्टिरिओ आवृत्ती १९९७ मध्ये निघाली.

आपल्या घरात कोणा वडीलधाऱ्यांचा एक कान अधू असेल आणि मोबाइलवर आवडते गाणे लावूनही ‘शब्द ऐकू येत नाहीत’ अशी त्यांची तक्रार असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये, सुलभतेच्या विभागात, ‘मोनो ऑडिओ’ अशी एक कळ असते. ती चालू करून श्रवणिका त्यांच्या चांगल्या कानात द्या. दोन्ही बाजूंचे सारे गाणे त्या एकाच कानात येईल.