पाहुण्याला शहर काय सांगतं?
लेखमाला : शहर सगळ्यांचं – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण चौकाचौकातले कॅमेरे पाहिले. ते शहराला माणूस दाखवतात. आज उलट्या बाजूने बघू : बाहेरगावाहून आलेल्या माणसाला शहर काय दाखवतं?

अमृतसरहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस तीस तासांहून अधिक प्रवास करून नांदेडला पोचते, तेव्हा उतरणाऱ्या बऱ्याच जणांना एवढंच ठाऊक असतं की गुरुद्वारा स्टेशनपासून फार लांब नाही आणि तिथे लंगर आहे. पुढचं रिक्षावाला सांगेल तसं. दुसरीकडे लातूर. तिथे येणारा पाहुणा भाविक नसतो. तो पोराला अकरावीला घालायला आलेला बाप असतो, हातात गुणपत्रिकांची फाइल आणि तोंडात एकच चौकशी : क्लासपासून खोली किती लांब? दोन्ही शहरं पाहुण्यांवर मोठी झाली, पण दोघांचे पाहुणे अगदी वेगळे.

केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झालं. त्यातल्या शंभर शहरांत मराठवाड्यातून एकट्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, नंबर लागला. नांदेड-लातूर बाहेरच राहिले. त्याची हळहळ अजून ऐकू येते. मला ती फारशी पटत नाही. कारण नांदेडला त्याआधीच एकदा मोठा पैसा मिळून गेला होता. २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याची तीनशे वर्षं साजरी झाली. त्या गुरुता-गद्दी सोहळ्यासाठी आणि जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरात रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ सुधारला. बांधकाम झालं. पण बांधलेल्या गोष्टी आज, आत्ता कुठल्या अवस्थेत आहेत, हे परक्या माणसाला सांगण्याची सोय बांधकामाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

गोदावरीचंच घ्या. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की खाली नदी चढते. जुन्या पुलाजवळ पातळी मोजली जाते. इशारा पातळी ३५१ मीटर, धोक्याची ३५४ मीटर. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे. अभियंत्याला ते पुरतात, वर्तमानपत्रात छापून येतात. पण लुधियान्याहून आलेली आजी नगीना घाटावर स्नानाला उतरते, तिला ३५१ चं काय करायचं? तिला हवंय ते इतकंच : आज कोणत्या पायरीपर्यंत उतरावं, आणि दुपारी पाणी वाढणार आहे का?

खरं तर माहिती आहे. केंद्रीय जल आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘फ्लडवॉच इंडिया’ नावाचं अ‍ॅप काढलं. देशभरच्या नद्यांची पातळी त्यात दिसते. सुरू झालं तेव्हा ते इंग्रजी आणि हिंदीत होतं. आता दोन दिवसांसाठी आलेली आजी हे अ‍ॅप उतरवून घेईल, नदी शोधेल, केंद्र शोधेल आणि मग घाटावर जाईल, असं ज्याला वाटतं त्याने आजी पाहिलेली नाही. तिच्यासाठी घाटाच्या तोंडाशी एक पाटी हवी. तिच्यावर पायऱ्यांचं चित्र, हिरवा, पिवळा, लाल दिवा, आणि मजकूर गुरुमुखी, हिंदी, मराठी, तेलुगूत. दिवा नदीच्या मोजणीशी जोडलेला. त्यात यंत्र आहे, जोडणी आहे, सॉफ्टवेअरही आहे. फक्त ते पाहुण्याच्या खिशात नाही, त्याच्या वाटेवर आहे. प्रत्येक शहराने स्वतःचं वेगळं अ‍ॅप काढायचं ही आपल्याकडची खोडच झाली आहे. गावातल्या माणसाला त्याची गरज नसते आणि पाहुण्याला त्याचा पत्ता नसतो.

नांदेडला आणखी एका जातीचा पाहुणा येतो : कॅनडा, इंग्लंडहून आलेलं शीख कुटुंब. त्यांच्याकडे महागडा फोन असतो आणि भारतीय नंबर नसतो. आपल्या बहुतेक सोयी इथेच अडतात, कारण फुकट वायफाय असो की तिकीट, आधी ओटीपी मागतात. परदेशी पाहुण्यांना यूपीआयने पैसे देता यावेत म्हणून २०२३ मध्ये ‘यूपीआय वन वर्ल्ड’ नावाचं वॉलेट निघालं, आधी जी-२० देशांतून येणाऱ्यांसाठी. सोय चांगली, पण ती आहे हे विमानतळावर आणि यात्री निवासात कुणीतरी सांगायला हवं.

हे सगळे पाहुणे एकाच दिवशी आले की गर्दी होते. त्या गर्दीचं गणित महाराष्ट्रात एकदा करून पाहिलेलं आहे. नाशिकच्या कुंभात २००३ मध्ये चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. पुढच्या, २०१५ च्या कुंभात नाशिकच्या काही तरुणांनी ‘आशियोतो’ नावाची चटई वाटेवर अंथरून पाहिली. पाऊल पडलं की आतल्या संवेदकाला दाब कळतो, मोजणी होते, आकडा लगेच दूर बसलेल्या माणसाला दिसतो. चेहरा टिपायचा नाही, नाव विचारायचं नाही. गुरुद्वाऱ्याच्या दसऱ्यातल्या हल्ला-महल्ला मिरवणुकीला किंवा दिवाळीआधीच्या तख्त-स्नान सोहळ्याला नांदेडच्या अरुंद गल्ल्यांत हेच करता येईल. मात्र आकडा फक्त पोलिसांच्या खोलीत राहिला तर निम्मं काम वाया. ‘या वाटेने आत्ता जाऊ नका, पलीकडून या’ हे गल्लीच्या तोंडाशी दिसलं पाहिजे.

आता लातूर. तिथली गंजगोलाई म्हणजे नवख्याची परीक्षा. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने आखलेली, १९१७ ची गोल इमारत. मध्ये देवीचं मंदिर, भोवती सोळा रस्ते. कुठे सराफा, कुठे चपला, कुठे मिरची-गूळ. गोलाला कोपरा नसतो, त्यामुळे एक फेरी मारली की आपण कुठून आत आलो तेच कळत नाही. अशा नवख्यांसाठी लंडनने २००७ पासून रस्त्यावर नकाशांचे खांब लावले. त्यांत उत्तर दिशा वर नसते. तुम्ही ज्या बाजूला तोंड करून उभे असता ती बाजू वर असते, आणि पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल त्याचं वर्तुळ काढलेलं असतं. गोलाईच्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी असा खांब फार शोभेल. विजेचीही गरज नाही.

पण लातुरात खोली बघणाऱ्या बापाचा खरा प्रश्न दुसराच असतो : पाणी किती दिवसाआड येतं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर, त्यामुळे प्रश्न वाजवीच. घरमालक उत्तर देतो ते त्याच्या सोयीचं. मांजरा धरणात साठा किती आणि कोणत्या भागाला पाणी कोणत्या दिवशी, याचं तारीखवार कोष्टक महापालिकेने क्लासच्या वस्तीत, म्हणजे ट्यूशन एरियात, आणि बसस्थानकावर लावलं, रोज बदललं, तर जून महिन्यात येणाऱ्या हजारो पालकांना त्याहून कामाची दुसरी स्मार्ट सोय मला तरी सुचत नाही. ते रोज बदलणार कोण, हा यातला सगळ्यात अवघड भाग. पडदा बसवण्याचं टेंडर निघतं, त्यावरचा मजकूर ताजा ठेवण्याचं निघत नाही. मग उन्हाळ्यातही पडद्यावर गणेशोत्सवाच्या शुभेच्छा झळकत राहतात.

बस कधी येणार, हे मी आज मुद्दाम बाजूला ठेवलंय. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने आपलं वेळापत्रक गूगलला दिलं आणि गूगलवर बसचा प्रवास शोधता येऊ लागला. ती पद्धत काय आहे आणि लातूर-नांदेड एसटीला ती कशी लागू करता येईल, ते पुढच्या आठवड्यात.