तांदूळ वैरण्याआधी

मिझोरामच्या डोंगरात चूल लवकर पेटते. तिथं मुख्य जेवणं दोन, एक सकाळी कामाला निघण्याआधी आणि दुसरं दिवस मावळताना. दोन्ही वेळा भात. घरातली बाई माणसं मोजून तांदूळ काढून घेते. तो धुऊन आधणात वैरण्याआधी त्यातली एक मूठ उचलते आणि बाजूच्या वेगळ्या डब्यात टाकते. ही मूठ देवाची. तिला मिझो भाषेत 'बुहफाइ थाम' म्हणतात. बुहफाइ म्हणजे कांडलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ही रीत १९१० पासून चालत आली आहे.

डब्यात साठलेला तांदूळ चर्चच्या स्त्रिया घरोघर फिरून गोळा करतात. तो एकत्र करून विकतात आणि आलेला पैसा चर्चच्या कामाला, विशेषतः सुवार्ताप्रसाराला जातो. खेड्यांतून भाजी, फळं, रानातलं सरपणही अर्पण म्हणून येतं. आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला वेदीपुढे धान्याच्या राशी, भोपळे, कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. फरक इतकाच की आपला सण वर्षातून एकदा येतो आणि तिथली मूठ दिवसातून दोनदा निघते. मूठ ५० ग्रॅमची धरली, तर एका घरातून वर्षाला साडेछत्तीस किलो तांदूळ बाहेर पडतो. हातावर पोट असलेल्या घराला हे ओझं कमी नाही.

मला या रीतीत सर्वांत मोलाची वाटते ती तिची वेळ. जेवण झाल्यावर उरलं त्यातून हे दान दिलं जात नाही. भात पुरेल की नाही हे ठरायच्या आधीच मूठ निघालेली असते, आणि पातेल्यात तेवढा तांदूळ कमीच पडतो. जुन्या करारातली सारफथची विधवा आठवते. दुष्काळ पडलेला, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. त्याची भाकर मुलासोबत खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असं तिनं मनाशी ठरवलेलं. तिच्याकडे एलिया संदेष्टा भाकर मागतो आणि तीही अशी की आधी मला, मग तुम्हा दोघांना. हा 'आधी' शब्द वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. पीठ पुढे संपलं नाही, ही झाली नंतरची गोष्ट. मळायला बसताना तिला ती ठाऊक नव्हती.

मिझो बायकांचीही परीक्षा लगेचच झाली. त्या डोंगरांत 'माउ' जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याची फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, मग उभ्या भातावर पडतात आणि रातोरात शेतं फस्त करतात. या दुष्काळाला 'मौताम' म्हणतात. मुठीची रीत सुरू झाली १९१० मध्ये, आणि मौताम आला १९११-१२ मध्ये. पुढचा १९५९ मध्ये आला. त्या वेळच्या उपासमारीकडे सरकारचं दुर्लक्ष झालं, या संतापातून मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली आणि १९६६ मध्ये बंड पेटलं. १९८६ च्या शांतता करारापर्यंतच्या काळात गावं उठवली गेली, घरं जळाली. २००७ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला. या सगळ्यातून मूठ टिकून राहिली.

या गोष्टीचं एक टोक इंग्लंडात आहे. लीड्सचा रॉबर्ट आर्थिंग्टन (१८२३-१९००) लक्षाधीश होता. वारशानं आलेला पैसा त्यानं रेल्वेच्या शेअरांत वाढवला आणि स्वतः मात्र मोठ्या घरातल्या एकाच खोलीत राहिला, हातानं रांधून जेवला. गाव त्याला कंजूष म्हणायचं. पैसा तो मिशनकार्यासाठी राखत होता. त्याच्याच खर्चानं लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण ११ जानेवारी १८९४ रोजी नदीमार्गे मिझो डोंगरांत पोहोचले. त्यांनी भाषेला लिपी दिली, शाळा सुरू केली. तो दिवस मिझोराममध्ये आजही सुटीचा असतो. मृत्यूनंतर आर्थिंग्टनची जवळपास दहा लाख पौंडांची मालमत्ता बहुतांशी मिशनांकडे गेली. दोघा तरुणांमागून १८९७ मध्ये वेल्सचे मिशनरी आले. त्यांच्या पाठीशी वेल्समधल्या साध्या माणसांची वर्गणी होती. एका धनिकानं दिलेल्या दानातून जे चर्च उगवलं, ते स्वतःच्या पायांवर उभं राहिलं त्यात चुलीशेजारच्या डब्याचा वाटा मोठा आहे.

मराठी माणसाला मुठीचं बळ ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी बायका दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत, त्याला नावच 'मुष्टिफंड'. पणजीतल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेनं तर तेच नाव घेतलं आहे.

तरी त्यागाच्या दानाबद्दल बोलताना एक धोका सांगितलाच पाहिजे. मार्कच्या शुभवर्तमानातली विधवा यरुशलेमच्या मंदिरात दोन टोल्या टाकते. मजुराच्या दिवसभराच्या कमाईच्या चौसष्टाव्या भागाएवढी ती रक्कम. तिनं आपली सगळी उपजीविका टाकली, असं येशू शिष्यांना सांगतो. या प्रसंगावर उपदेश पुष्कळ होतात, पण त्याच्या अगदी आधीचं वचन सहसा वगळलं जातं. तिथं येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना खडसावतो. ही दोन्ही वचनं एकत्र वाचायची आहेत. गरिबाच्या दानाचं कौतुक करणाऱ्या मंडळीनं त्याच्या घरात आज काय शिजलं हेही विचारलं पाहिजे. पौलानं करिंथच्या मंडळीला वर्गणीबद्दल लिहिलं, तेही याच बेतानं. जवळ असेल त्या मानानं द्यावं, एकाला सुख आणि दुसऱ्याला चणचण असं होऊ नये.

मिझो बायकांच्या बाबतीतही हे म्हणावंसं वाटतं. ज्यांच्या मुठीवर चर्च उभं राहिलं, त्यांना मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन चर्चनं पाळकपदाची दीक्षा मात्र दीर्घकाळ नाकारली. डबा त्यांचा आणि व्यासपीठ पुरुषांचं, ही वाटणी मला सलते.

२०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती आणि त्यातले ८७ टक्के ख्रिस्ती. ऐझॉलमध्ये आता गॅसच्या शेगड्या आहेत. तांदूळ बराचसा आसामच्या सपाटीवरून, सिल्चरच्या बाजूनं घाट चढत ट्रकांतून येतो. रस्ता खचला की तो महाग होतो. अशा दिवसांतही तो आधी मापला जातो, त्यातली मूठ डब्यात पडते, आणि मग बाई तांदूळ धुवायला घेते.