वर्गातल्या नांग्या भरा
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



लागण झाल्यावर महिनाभरात आपण सरीसरीने फिरतो. टिपरी उगवली नाही तिथे नांगी दिसते. पिशवीतली रोपे तयार ठेवून ती आपण लगेच भरतो. उशीर झाला तर शेजारचा ऊस पुढे जातो आणि मागून लावलेले रोप सावलीत खुरटते. हे आम्ही दर हंगामात सांगत आलो. या खेपेला तीच गोष्ट शाळेबद्दल सांगावयाची आहे, कारण तिथली एक नांगी दिसूनही आम्ही गप्प बसलो होतो.

काही वर्षांपूर्वी लागणीच्या नोंदीसाठी आम्ही मुळशी तालुक्यात नांदे येथे एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. गोठ्यापाशी सात वर्षांचा मुलगा वैरणीच्या पेंढ्या रचीत होता. वार शाळेचा होता. आम्ही विचारले, "हा शाळेत नाही गेला का?" सभासद म्हणाले, "त्याला ऐकायला येत नाही, साहेब. बोलत बी नाही. शाळेत जाऊन काय करणार? गुरं सांभाळील." आम्ही मान हलविली, गट नंबर लिहून घेतला आणि पुढच्या शिवाराला लागलो.

दोन वर्षांनी त्याच रानात गेलो असता आम्ही सऱ्या मोजल्या. एक्केचाळीस भरल्या. मुलगा मागून चालत होता. त्याने आमची बाही ओढली, खिसा उलटा केला आणि बांधावर खडे ओतले. प्रत्येक सरीला एक खडा त्याने खिशात टाकला होता. खडे बेचाळीस निघाले. पुन्हा सऱ्या मोजल्या, तर बेचाळीसच! आमच्याबरोबरचा मदतनीस हसला. आम्हाला हसू आले नाही. दोन वर्षांपूर्वी याच पोराबद्दल आम्ही मान हलविली होती.

त्याच आठवड्यात आम्ही गावच्या शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "आणा की. आधीच का नाही आणलंत?" वडिलांचे म्हणणे, पोरे चिडवतील. आई मात्र म्हणाली, "नेऊन तर बघू." कानाची तपासणी झाली, दाखला निघाला, श्रवणयंत्र मिळाले. पण यंत्र लावले आणि ऐकू आले असे होत नाही. आवाज कानावर पडला तरी त्याचा अर्थ शिकावा लागतो. पहिल्या महिन्यात पोरगा दोनदा पळून गोठ्यात येऊन बसला. पोरांनी चिडवलेही.

बाईंनी केले ते साधेच होते. त्याला पहिल्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून बसविले, म्हणजे बाईंच्या तोंडावर उजेड पडून त्याला ओठ दिसावेत. फळ्याकडे तोंड करून बोलणे बंद केले. नवा शब्द आला की वस्तू दाखवायची, नाव लिहायचे, मग खूण करायची. त्याच्या खुणा सगळ्या वर्गाला शिकविल्या, तेव्हा चिडवणे आपोआप थांबले. मधूनमधून विशेष शिक्षक येऊन बाईंनाही वाट दाखवीत. बाई सांगतात, चित्रे नि वस्तू आल्यापासून ऐकणाऱ्या पोरांचेही वाचन सुधारले.

आज तो मुलगा आपल्या उसाची वजनचिठ्ठी वाचतो आणि टनांची बेरीज करतो. पण लांब वाक्य आले की अडखळतो. भाषा रुजण्याची पहिली पाच-सहा वर्षे हातची गेली होती. फुटव्याच्या वेळी चुकलेले पाणी मागून खताने भरून निघत नाही, तसेच हे. त्यात आणखी दोन वर्षे आमच्या मान हलविण्याने गेली, हे आम्ही कबूल करतो.

आता कायद्याचे. अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत घेण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ साली सुरू झाली होती. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकार धरले आहेत. लिहिण्या-वाचण्यात अडखळणारे हुशार मूलही त्यात येते. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग शाळा जवळची असो वा विशेष. निवड पालकांची. फारच गंभीर अवस्था असेल तर घरी शिक्षण देण्याची तरतूद २०१२ साली झाली. दहावीच्या परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. या भिक्षा नव्हेत, हक्क आहेत.

"आमच्या माघारी याचं कसं?" हा प्रश्न पुष्कळ सभासद विचारतात. आपल्याच तालुक्यात कोळवण खोऱ्यात १९९४ पासून साधना व्हिलेज ही संस्था बौद्धिक दिव्यांग प्रौढांना सांभाळते, त्यांना झेपेल ते काम देते. एकदा पाहून या.

सभासदांनी एवढे करावे. तान्हे मूल टाळीला दचकत नसेल, दोन वर्षांचे होऊन बोलत नसेल, वस्तू डोळ्यांशी नेऊन पाहत असेल, तर "होईल मोठेपणी" म्हणून थांबू नये. अंगणवाडीत नि शाळेत मुले तपासणारे सरकारी आरोग्य पथक येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. मूल शाळेच्या वयाचे असेल तर दाखल्याची वाट न पाहता आधी नाव घालावे, कागद मागून होतील.

आणि तोडीवाल्यांची पोरे विसरू नयेत. गेल्या हंगामात एका कोपीपुढे तीन वर्षांची मुलगी खेळत होती. मागून ट्रॅक्टर आला, तरी तिने मान वळविली नाही. आम्ही धावलो, पोरीला उचलले. या खेपेला मात्र नुसती मान हलविली नाही. मुकादमाला बोलावले, अंगणवाडीच्या ताईंना गाठले, तपासणी करविली. पट्टा पडल्यावर टोळी गावी गेली, तेव्हा तपासणीचे कागद पोरीच्या आईच्या पिशवीत होते. स्थलांतरित मुलाला जिथे असेल तिथे शाळेत घ्यावे, असा कायदा आहे. त्या गावी कुणी ते कागद वाचले की नाही, ते टोळी परत आल्यावर पहिल्या दिवशी विचारणार आहोत.

येत्या नोंदीला आम्ही वस्तीवर येऊ तेव्हा क्षेत्र, जात, लागणीची तारीख विचारूच. शाळेत न जाणारे मूल घरात आहे का, हेही विचारणार आहोत. सभासदांनी लपवू नये. आम्हीही आता गप्प बसणार नाही.