आजोबांची बंदूक रिस्टोअर करायचीय?

नौपाड्यात रीडेव्हलपमेंट काही नवं नाही. जुनी बिल्डिंग रिकामी करायची म्हटलं की माळ्यावरून काय काय खाली येतं! तांब्याचा बंब, पत्र्याच्या ट्रंका, बंद पडलेला रेडिओ. आणि क्वचित एखाद्या घरात चक्क बंदूक. दस्त्याला तडा गेलेला, घोडा अडकलेला, नळीला गंज. आपली रिअ‍ॅक्शन ठरलेली असते, ‘कसली भारी आहे, रिस्टोअर करू या!’ गंजलेल्या वस्तू चकचकीत करणारे व्हिडीओ बघून हात शिवशिवतातच.

पण जुन्या स्कूटरचं किंवा एचएमटी घड्याळाचं लॉजिक इथे चालत नाही.

आधी पार्ट्सचं बघू. जुन्या विलायती बंदुकांचे अनेक भाग कारागिरांनी कानशीने घासून एकमेकांत बसवलेले असायचे. त्यामुळे त्याच कंपनीच्या दुसऱ्या बंदुकीची स्प्रिंग हिला बसेलच असं नाही, बऱ्याचदा ती नव्याने घडवावी लागते. बाहेरून मागवायचं म्हणाल, तर 1980च्या दशकापासून शस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत. मग जुगाड? वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या लेथवाल्याला ‘दादा, एवढी पिन बनवून दे’ म्हणायचं? अजिबात नाही. 1959च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात आणि दुरुस्तीचा धंदा परवाना असलेल्यालाच करता येतो.

काही नळ्यांवर लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून त्या बनवलेल्या असतात. त्या जमान्यातल्या काळ्या दारूला त्या पुरायच्या, आजच्या काडतुसाने फुटू शकतात. अशी बंदूक बघून जाणकार कारागीर ‘भिंतीवर शोभेल, चालवू नका’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका.

‘पण ती बिघडलेलीच आहे, मग कसला परवाना?’ हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. कायद्यात जुनाट किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही जे चालणार नाही अशालाच. एका स्प्रिंगने सुरू होणारी बंदूक ही बंदूकच! विनापरवाना सापडली तर 2019च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते कमाल पाच वर्षं कैद आणि दंड.

वारशात बंदूक मिळते, परवाना मिळत नाही. तो स्वतःच्या नावावर काढावा लागतो आणि त्यासाठी वय 21 पूर्ण हवं, म्हणजे एफवायवाल्यांनी विषयच सोडा. आजोबा हयात असतील तर 2016च्या नियमांनुसार त्यांनी सत्तरी गाठल्यावर किंवा शस्त्र 25 वर्षं बाळगल्यावर वारसाला अर्ज करता येतो. वारसाहक्काने आली तरी एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त शस्त्रं ठेवता येत नाहीत.

कोकणातल्या घरांचा पेच आणखी वेगळा. तिथे वानर आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतीसंरक्षणाचे परवाने असतात, बऱ्याचदा ठासणीच्या बंदुकीचे. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात आणि शेतकरी वैतागतात. आता आजोबा गेले, काजूची बाग गावी आणि नातू ठाण्यात आयटीत. पीक राखायचंय असं अर्जात लिहायचं, तर शेती खरंच करायला हवी ना? शनिवार-रविवारचा शेतकरी अधिकाऱ्याला पटवणं कठीण. काही घरांत बंदूक विकायची की नाही यावरून जमिनीच्या वाटणीइतकी भांडणं होत असतील, तर मला नवल वाटणार नाही.

तेव्हा माळ्यावर अशी बंदूक सापडलीच, तर ती सॅकमध्ये घालून कुठेही नेऊ नका. भरलेली असू शकते, घोड्याला हात लावू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करा. तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती रीतसर जमा करता येते. पुढे परवाना मिळाला तर परत मिळते, नाहीतर बाळगायचा अधिकार असलेल्याला विकता येते. ठाण्यात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो. आणि हो, ट्रंका भंगारात द्यायच्या आधी नीट उलट्यापालट्या करा. आजोबांचं परवान्याचं जुनं पुस्तक तिथेच कुठेतरी असेल आणि अर्जाच्या वेळी आधी त्याचीच विचारणा होईल.