रात्रीचे ओलित आणि झोपेची गोळी

ऊसनोंदीसाठी आम्ही मेहकर, सिंदखेडराजा भागात फिरतो तेव्हा एक गोष्ट कानावर येते. रात्रपाळीच्या विजेवर ओलित केलेल्या माणसाला दिवसा झोप लागत नाही, मग तो शेजाऱ्याकडून अल्प्राझोलामची गोळी मागून घेतो. हे बरे नव्हे. २०१४ पासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, दुकानदाराच्या वहीत नाव नोंदवूनच मिळते, ते उगीच नाही. काही आठवड्यांतच तिची सवय लागते. वर दारू पोटात गेली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. गुंगी उठल्यावरही उरते, अन् आपली कामे विहिरीच्या काठावर नि ट्रॅक्टरवर! रोज घेणाऱ्यांनी मात्र ती एकदम तोडू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. अश्वगंधा चूर्णाचेही तसेच. थायरॉईडची गोळी चालू असेल तर आधी विचारा. मेलाटोनिन तर अंधारात आपले शरीरच तयार करते. तेव्हा दिवसा झोपताना खिडकीला जाड गोणपाट लावा, पहाटेचा चहा टाळा. कर्जाच्या, पिकाच्या काळजीने झोप उडाली असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.