यॅरो, पण कुठला?

अंगणातलं रान : लेखांक ६

मागच्या आठवड्यातली सेजची झुडपं ऐसपैस जागा मागतात. टाउनहाउसच्या चिमुकल्या अंगणात ती लावायची कुठे, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. त्यांच्यासाठी आजचं रोप. यॅरो फूटभर रुंदीच्या पट्टीतही तग धरतो आणि कॅलिफोर्नियातल्या बहुतेक नर्सऱ्यांत सहज मिळतो.

उन्हाळ्यात भारतातून आलेले आईबाबा मात्र तो पाहून दचकतात. बारीक कातरलेली पानं, वर इवल्या पांढऱ्या फुलांची गर्दी. हे तर गाजरगवत! उपटायला हात पुढे जातोच. त्यांचा संशय अगदीच निराधार नाही, कारण गाजरगवत आणि यॅरो दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातले. शेवंती आणि झेंडूही त्यातलेच. पण गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर माजलं. यॅरो इथला घरचा आहे. ओळखायची खूण सोपी: गाजरगवताची फुलं फांद्याफांद्यांवर विखुरलेली असतात, यॅरोची सगळी एका सपाट तुऱ्यात गोळा झालेली. पान चुरगळलं की कापराच्या वळणाचा उग्र वास येतो.

‘घरचा’ असं मी म्हटलं खरं, पण इथेच मेख आहे. यॅरो, म्हणजेच अकिलिया मिलेफोलियम, ही जात युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका अशी उत्तर गोलार्धभर पसरलेली आहे. आपल्या हिमालयातही, काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत, ती उगवते. युनानी हकीम तिला बिरंजासिफ म्हणतात. तेव्हा कुंडीवरच्या पाटीवर अकिलिया मिलेफोलियम हे नाव दिसलं, एवढ्यावरून ते रोप स्थानिक ठरत नाही. त्याचे पूर्वज युरोपातल्या एखाद्या बागेत रंगासाठी निवडलेले असू शकतात.

याने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर बे एरियातच तयार झालेलं आहे. कार्नेगी इन्स्टिट्यूशनचे जेन्स क्लॉसन, डेव्हिड केक आणि विल्यम हीसी या तिघांनी समुद्रकिनाऱ्यापासून सिएरा नेवाडाच्या माथ्यापर्यंत ठिकठिकाणचा यॅरो गोळा केला. एकाच झाडाचे तुकडे करून ते तीन ठिकाणी लावले: जवळपास समुद्रसपाटीवरच्या स्टॅनफर्डला, सुमारे १,४०० मीटरवरच्या मेथरला आणि ३,०००हून अधिक मीटर उंचीवरच्या टिंबरलाइनला. तुकडे एकाच झाडाचे असल्याने अनुवंश तोच, बदललं ते फक्त हवामान. माथ्यावरचा बुटका यॅरो स्टॅनफर्डच्या उबेत आणूनही बुटकाच राहिला. खालच्या प्रदेशातला उंच यॅरो टिंबरलाइनच्या थंडीपुढे हतबल झाला. तिथला उन्हाळा इतका आखूड की बी धरण्याआधीच बर्फ यायचं. १९४८ साली त्यांनी यॅरोवरचा हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आजही वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे आलेख छापले जातात. दिसायला सारखी, नावाने एक, पण प्रत्येक उंचीवरचा वाण वेगळा. माझ्या मते ‘नेटिव्ह’ या शब्दाला बागेत जो काही अर्थ आहे, तो या प्रयोगाने दिला. जातीचं नाव दुय्यम. बी कुठल्या डोंगरावरून आलं, हे आधी विचारावं.

म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदाराला गाठा. स्थानिक झाडांच्या नर्सरीत मूळ ठिकाण सहसा सांगतात. पांढरा यॅरो सर्वांत बिनधोक. गुलाबीच हवा असेल तर ‘आयलंड पिंक’ घ्या. तो इथल्याच सांताक्रूझ बेटावरच्या झाडांतून निवडलेला आहे. लालभडक ‘पॅप्रिका’ आणि पिवळा ‘मूनशाइन’ दिसतात देखणे, पण ते बागकारांनी घडवलेले आहेत. लावू नका असं मी म्हणणार नाही, फक्त त्यांना स्थानिक म्हणू नका.

लावायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, पहिल्या पावसाच्या आगेमागे. इथलं ऋतुचक्र आपल्या अगदी उलटं: पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. हिवाळाभर मुळं खाली उतरली की उन्हाळा निभावतो. बी धुळीइतकं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो, तेव्हा मातीवर नुसतं दाबा, गाडू नका. जागा भरपूर उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी. खताची पिशवी मात्र गराजमध्येच राहू द्या. खत घातलेला यॅरो भरमसाट वाढतो आणि फुलं आली की आडवा होतो. पहिला उन्हाळा नियमित पाणी, त्यानंतर महिन्यातून एक-दोनदा पुरे. जमिनीखालच्या खोडांनी तो पसरत जातो. दोन-तीन वर्षांनी गड्डे उपटून, फोडून शेजाऱ्यांना वाटा.

लॉन काढून टाकायचं मनात असलेल्यांना यॅरोचा आणखी एक उपयोग. रोपं फूट-फूट अंतरावर लावून अधूनमधून मोअर फिरवला तर हिरवा, मऊ गालिचा तयार होतो. मुलांचं क्रिकेट त्यावर चालणार नाही. चटई टाकून बसता येईल. छाटणी सतत केली तर फुलं मिळत नाहीत, आणि फुलं नाहीत तर कीटकही नाहीत. म्हणून एखादा कोपरा तरी वाढू द्या. त्या सपाट तुऱ्यांवर सिरफिड माश्या, ढालकिडे आणि परजीवी गांधीलमाश्या येतात. सिरफिड माश्यांच्या अळ्या आणि ढालकिडे मावा फस्त करतात, त्यामुळे शेजारच्या भाजीच्या वाफ्याचंही भलं होतं.

इथल्या अनेक आदिवासी जमाती जखमेवर यॅरोचा पाला बांधत आल्या आहेत. ते वाचून काढा करायला निघू नका. गरोदरपणात तो टाळायचाच असतो, आणि शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असेल तर नुसत्या स्पर्शानेही पुरळ उठू शकतं. कुत्रं, मांजर किंवा घोडा यांना तो खाऊ देऊ नये. रानातून तर मुळीच तोडून आणू नका. रस्त्याकडेला वाढणारं पॉइझन हेमलॉक हे जीवघेणं विषारी झाडही पांढऱ्या तुऱ्यांचं आणि चिरलेल्या पानांचं असतं. त्याचं खोड गुळगुळीत, त्यावर जांभळे डाग. यॅरोचं खोड लवदार.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक सांगणं: बी मागवू नका. मुळाशी पाणी साचलेलं या झाडाला सोसत नाही आणि तुमच्याकडे तो स्थानिकही नाही. तुमच्या भागातल्या रोपवाटिकेत जाऊन, तिथल्या माळावरचं किंवा डोंगरातलं काय आहे, ते विचारा. कॅलिफोर्नियातल्यांनी ऑक्टोबर उजाडायच्या आत नर्सरीला फोन करून ठेवावा. स्थानिक बियांची रोपं थोडीच असतात आणि लवकर संपतात.