जळकोटहून लातूरला बिऱ्हाड हलवताय? आधी ठरवा, मग बांधा

हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल तर बरंच आहे. यातलं काय काय लागेल त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका.

दहावीचा निकाल लागला की आपल्या जळकोट तालुक्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते: अकरावीला लातूर. मग ठरतं की आईनं सोबत जायचं, खोली करायची. वडील शेतीसाठी गावातच, आजी-आजोबाही गावातच. म्हणजे हे नुसतं घर बदलणं नाही, एका घराची दोन घरं करणं आहे. मी आजवर जे पाहिलं त्यावरून सांगतो, माणूस सामान उचलून फारसा थकत नाही. टेम्पो दारात उभा आहे आणि आपण अजून 'हे न्यायचं की ठेवायचं' यावर भांडतोय, यानं थकतो. म्हणून माझा साधा नियम आहे: ठरवायची कामं आधी, उचलायची कामं शेवटी.

खोली ठरवताना

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतात. पसंतीक्रम भरायचा, फेरीची यादी लागायची वाट बघायची. शाहू मिळेल, दयानंद मिळेल की तिसरंच कॉलेज, हे आधी कळत नाही. त्यामुळं खोल्या बघून ठेवा, पण यादी लागेपर्यंत डिपॉझिट देऊ नका. क्लास आधीच ठरला असेल तर मात्र क्लासच्या अंगानं खोली बघायला हरकत नाही.

खोलीत गेल्यावर फरशी आणि रंग नंतर, आधी पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. नळ किती दिवसांनी येतो? टाकी केवढी? बोअर आहे का? टँकर लागला तर पैसे कोण देणार? हे प्रश्न मालकाला विचारा, आणि तेच शेजारच्या भाडेकरूलाही विचारा.

मग करार. 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं' असं बरेच जण सांगतात. महाराष्ट्रात तसं नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. डिपॉझिट किती, ते परत कधी, लाइटबिल कोणाचं, हे सगळं त्यात लिहून घ्या. चावी हातात आली की भिंती, नळ, खिडक्या आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. सोडताना वाद होत नाही.

काय न्यायचं, काय ठेवायचं

सामानाचे तीन ढीग करा: लातूरचं, गावातलं आणि देऊन टाकायचं. पण आधी एक प्रश्न विचारा. आपण गेल्यावर गावातलं स्वयंपाकघर चालेल का? घरातला एकुलता एक मिक्सर आणि बरा कुकर लातूरला गेला, तर आजीनं काय करायचं? पोराच्या शिक्षणाच्या नादात मागं राहिलेल्यांच्या सोयीचा विचार कोणी करत नाही. तो आधी करा.

लोखंडी कपाट आणि दिवाण शक्यतो गावातच राहू द्या. न्यायचंच असेल तर दार आणि जिना टेपनं मोजून घ्या. वर्षाची ज्वारी नेऊ नका, खोलीत ठेवायला जागा नसते आणि कीड लागते. महिन्यापुरती ज्वारी-डाळ न्या, पुढची वडील भेटायला येताना आणतील.

गॅसचंही नीट समजून घ्या. कनेक्शन गावातच ठेवायचं असेल तर लातूरला ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो बाजारभावानं मिळतो, सबसिडी नसते. अख्खं घरच दुसऱ्या गावी जाणार असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाऊचर घ्यायचं. शेगडी आपलीच राहते. भरलेला सिलिंडर टेम्पोत सामानाखाली दाबून नेऊ नका.

रेशनकार्डाची घाई नको. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेमुळं आधारच्या अंगठ्यावर लातूरच्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. फक्त कार्डावरच्या सगळ्यांची केवायसी झालेली असू द्या.

टेम्पोचा दिवस

एका खोलीच्या सामानाला छोटा हत्ती पुरतो. भाडं ठरवताना विचारा: चढवणं-उतरवणं त्यात आहे का, थांबायचे पैसे वेगळे का, ताडपत्री आहे का? जून-जुलैत ताडपत्रीशिवाय गाद्या नेणं म्हणजे पाऊस अंगावर घेणं. लातूरहून माल घेऊन आलेली गाडी परत रिकामी जात असेल तर भाडं कमी पडतं, तेवढी चौकशी करा.

घरच्यांना मुहूर्त बघायचा असतो, आणि चांगल्या दिवशी टेम्पोही मिळत नाही. यावर भांडू नका. मुहूर्ताला देव आणि दुधाचं पातेलं घेऊन जा, नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ द्या. बाकीचं सामान दुसऱ्या दिवशी गेलं तरी चालतं.

पुस्तकं छोट्या पिशव्यांत भरा, मोठं पोतं उचलत नाही. काचेच्या बरण्या गोधड्यांत गुंडाळा. उघडलेल्या पलंगाचे नट-बोल्ट पिशवीत घालून पलंगालाच बांधा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि आधार टेम्पोत अजिबात नको. ते आईच्या पर्समध्ये, एसटीतून, आणि स्कॅन फोनमध्ये. पहिल्या रात्रीची एक वेगळी पिशवी करा: चटई, चार्जर, औषधं, बल्ब, झाडू, साबण, पाणी, भाकरी.

मागं राहणाऱ्यांची यादी

ही यादी बहुतेक जण करत नाहीत. आजोबांच्या गोळ्या कोण आणणार? लाइटबिल कोण भरणार? कोणत्या शनिवारी कोण कुणाकडं जाणार? आजीला व्हिडिओ कॉल उचलायला जायच्या आधी शिकवा, आणि ही यादी मोठ्या अक्षरात लिहून गावातल्या भिंतीवर लावा. पोरगं दोन वर्षं निवांत अभ्यास करणार असेल तर दोन्ही घरं नीट चालली पाहिजेत.

तुमच्या गल्लीत यंदा कोण लातूरला निघालंय? हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!